एपीएलचा संशय आला की काय करायचं

बहुतेक कॅन्सरमध्ये आधी रिपोर्ट येतो मग उपचार ठरतात, मधे आठवडाभर गेला तरी फारसं बिघडत नाही. एपीएल या रक्ताच्या कॅन्सरचं सगळं उलटं आहे. इथे रक्ताच्या स्लाइडवर संशय येईल असं काही दिसलं की औषध आधी सुरू करायचं आणि खात्री मागाहून करायची, कारण खात्री व्हायला दोन-तीन दिवस लागतात आणि तेवढ्यात मेंदूत रक्तस्राव होऊन पेशंट हातचा जाऊ शकतो. हा लेख पेशंटच्या घरच्यांसाठी आहे, आणि ज्यांच्याकडे असा पेशंट वर्षानुवर्षांत एखादाच येतो अशा डॉक्टर आणि लॅबवाल्यांसाठीही. डोस वगैरे लिहिलेत ते समजावं म्हणून, घरी बसून कुणी देऊ नयेत.

एपीएल म्हणजे अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया. एएमएल नावाचा रक्ताच्या कॅन्सरचा जो मोठा गट आहे त्यातलाच हा एक प्रकार, जुन्या रिपोर्टमध्ये एम३ असं लिहिलेलं दिसेल. एएमएलच्या दहा पेशंटमध्ये साधारण एकाला हा निघतो, म्हणजे दुर्मिळच. बाकीचा एएमएल म्हातारपणी जास्त होतो, हा मात्र तरुण आणि मध्यम वयातल्या धडधाकट माणसांना गाठतो. नॉर्वेच्या हिलेस्टॅड नावाच्या डॉक्टरांनी १९५७ मध्ये याचं पहिल्यांदा वेगळा आजार म्हणून वर्णन केलं, तीन पेशंट होते, तिन्ही काही आठवड्यांतच गेले. आणि आज मोठ्यांच्या अ‍ॅक्यूट ल्युकेमियांमध्ये सगळ्यात जास्त बरा होणारा कुठला विचाराल तर हाच. अट एकच, पहिला महिना निघायला हवा, आणि त्यातलेही पहिले काही दिवस.

स्वीडनमध्ये १९९७ ते २००६ या काळातल्या देशभरच्या नोंदी तपासल्या तेव्हा १०५ पेशंटपैकी २९ टक्के पहिल्या ३० दिवसांतच गेलेले निघाले, आणि तेही एवढी चांगली आरोग्यव्यवस्था असलेल्या देशात, औषध हाताशी असताना. औषधांच्या ट्रायल्समधले आकडे यापेक्षा खूप चांगले दिसतात कारण जे दाखल व्हायच्या आधीच किंवा पहिल्याच रात्री गेले ते ट्रायलमध्ये मोजलेच जात नाहीत. म्हणून मी म्हणतो की एपीएलमध्ये औषध कुठलं यापेक्षा कधी सुरू केलं याला जास्त महत्त्व आहे.

आता संशय कशावरून घ्यायचा. दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं आणि थांबतच नाही, अंगावर कुठे लागल्याचं आठवत नाही तरी काळेनिळे डाग, पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, नाकातून रक्त, पाळीत नेहमीपेक्षा खूप जास्त रक्तस्राव, सुई टोचली त्या जागेवरून तासभर झिरपत राहणं. सोबत थकवा, धाप, कधी ताप. यातलं एकेकटं काही असेल तर हजार कारणं असतात पण दोन-तीन एकत्र आणि तेही पंधरा-वीस दिवसांत सुरू झालेलं असेल तर त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशी मोजायची साधी टेस्ट) करा, उद्यावर ढकलू नका.

सीबीसीमध्ये एक फसवणूक आहे ती आधीच सांगतो. ल्युकेमिया म्हटलं की लोकांना वाटतं पांढऱ्या पेशी लाखात असणार, पण एपीएलमध्ये बऱ्याचदा पांढऱ्या पेशी कमीच असतात, हजार-दोन हजार, हिमोग्लोबिन कमी, प्लेटलेट वीस-तीस हजार. हा रिपोर्ट बघून कुणीही म्हणेल व्हायरल आहे किंवा डेंग्यू असेल, चार दिवस थांबू, प्लेटलेट चढतील. डेंग्यूत रक्त घट्ट होतं, हिमोग्लोबिन सहसा घसरत नाही उलट चढतं. तिन्ही पेशी एकदम खाली आणि सोबत रक्तस्राव असेल तर मशीनच्या आकड्यांवर थांबायचं नाही, पॅथॉलॉजिस्टने स्वतः मायक्रोस्कोपखाली स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) बघायला हवा. घरच्यांनी इथे निर्लज्जपणे विचारावं, "डॉक्टर, स्मिअर कुणी बघितला का? काय दिसलं?" हा एक प्रश्न खूप कामाचा आहे.

स्मिअरवर काय दिसतं तर नॉर्मल पेशी व्हायच्या आधीच्या टप्प्यावर अडकलेल्या मोठ्या पेशी, आतमध्ये जांभळट दाणे गच्च भरलेले, इतके की कधीकधी न्यूक्लियस कुठे आहे तेच कळत नाही. काही पेशींत लालसर बारीक काड्या दिसतात, त्यांना ऑअर रॉड म्हणतात, आणि एखाद्या पेशीत त्या काड्या सरपणाच्या मोळीसारख्या एकत्र पडलेल्या असतात. अशी एक जरी पेशी दिसली तरी पॅथॉलॉजिस्टने रिपोर्ट टाइप करत बसू नये, सरळ फोन उचलावा. एक दुसरा प्रकारही असतो ज्यात दाणे इतके बारीक असतात की साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतच नाहीत, न्यूक्लियस मधे चिमटलेला, दोन पाकळ्यांचा दिसतो, आणि यात पांढऱ्या पेशी मात्र खूप वाढलेल्या असतात. हा प्रकार मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशीचा ल्युकेमिया समजून सोडून दिला जातो, म्हणून रक्त गोठण्याच्या टेस्ट बिघडलेल्या असतील तर दाणे दिसत नाहीत म्हणून एपीएल नाही असं म्हणायचं नाही.

त्या टेस्ट म्हणजे पीटी, एपीटीटी (या दोन्ही रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगतात), फायब्रिनोजेन (गोठवणारं प्रोटीन) आणि डी-डायमर (विरघळलेल्या गुठळ्यांचे अवशेष). चारही पाठवायच्या. लोक पीटी-एपीटीटी करतात आणि फायब्रिनोजेन विसरतात, खरं तर एपीएलमध्ये सगळ्यात जास्त माहिती तोच देतो. होतं असं की या पेशी रक्त गोठवणारे पदार्थ बाहेर टाकतात त्यामुळे शरीरभर बारीक गुठळ्या होऊन गोठायचा सगळा माल संपतो, आणि त्याच वेळी गुठळ्या विरघळवणारी यंत्रणाही या पेशी चेकाळून टाकतात. दोन्हीकडून मार. म्हणून नुसत्या कमी प्लेटलेटमुळे होईल त्यापेक्षा कितीतरी जास्त रक्तस्राव इथे होतो.

संशय आला, आता पुढे. औषधाचं नाव अ‍ॅट्रा, केमिस्टकडे ट्रेटिनॉइन कॅप्सूल म्हणून मिळतं. (मुरमांच्या क्रीममध्येही ट्रेटिनॉइनच असतं, त्यामुळे इंटरनेटवर शोधल्यावर भलतंच काही दिसतं, घाबरू नका.) व्हिटॅमिन एच्या कुटुंबातलं आहे. डोस शरीराच्या क्षेत्रफळावर ठरतो, मोठ्यांना दिवसाला दर चौरस मीटरला ४५ मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून, जेवणासोबत. म्हणजे उंची-वजनावरून क्षेत्रफळ १.६ आलं तर ७२ मिलिग्रॅम, कॅप्सूल १० मिलिग्रॅमची असते त्यामुळे सकाळी चार आणि रात्री तीन असं काहीतरी बसतं. लहान मुलांना बरेचदा २५ च्या हिशोबाने देतात कारण त्यांना डोकेदुखीचा त्रास जास्त होतो.

ही कॅप्सूल संशयावर सुरू करायची, जेनेटिक रिपोर्टची वाट बघायची नाही, याबद्दल जगभरच्या गाइडलाइन्समध्ये एकमत आहे. समजा दोन दिवसांनी कळलं की एपीएल नव्हता, तर बंद करायची, दोन दिवसांच्या डोसने सहसा काही नुकसान होत नाही. आणि एपीएल असूनही दोन दिवस दिली नाही तर काय होतं ते वर लिहिलंच आहे. अपवाद गरोदरपणाचा, पहिल्या तीन महिन्यांत अ‍ॅट्राने गर्भात व्यंग येण्याचा मोठा धोका आहे, म्हणून मूल होण्याच्या वयातल्या बाईची प्रेग्नन्सी टेस्ट त्याच वेळी पाठवायची आणि पॉझिटिव्ह आली तर हिमॅटॉलॉजिस्टशी (रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांशी) लगेच बोलून ठरवायचं.

आता एक व्यवहाराची गोष्ट. ही कॅप्सूल प्रत्येक हॉस्पिटलात ठेवलेली नसते कारण पेशंटच क्वचित येतात. लहान हॉस्पिटलात असाल तर दोन फोन एकाच वेळी सुरू करा, एक मोठ्या सेंटरच्या हिमॅटॉलॉजी विभागाला आणि दुसरा कॅप्सूल कुठे मिळते ते शोधायला. पहिला डोस इथेच देऊन पेशंट पाठवता आला तर उत्तम. ॲम्ब्युलन्समध्ये बसवायच्या आधी प्लेटलेट आणि गोठण्याचे घटक चढवून पाठवा, आणि स्मिअरची स्लाइड पेशंटबरोबर द्या, नुसता रिपोर्टचा कागद नको.

प्लेटलेटचा हिशोब इथे वेगळा आहे. इतर ल्युकेमियात रक्तस्राव नसेल तर दहा हजारांपर्यंत वाट बघतात. एपीएलमध्ये पहिले काही दिवस ३० ते ५० हजारांच्या वर ठेवायच्या, रक्तस्राव होवो न होवो. फायब्रिनोजेन दर डेसिलिटरला १०० ते १५० मिलिग्रॅमच्या वर, त्यासाठी क्रायोप्रेसिपिटेट (रक्तातून वेगळा काढलेला, फायब्रिनोजेन भरपूर असलेला भाग) किंवा फायब्रिनोजेन कॉन्सन्ट्रेट देतात, गरजेप्रमाणे एफएफपी (गोठवून ठेवलेला प्लाझ्मा). आणि हे दिवसातून एकदा तपासून भागत नाही, सुरुवातीला दर सहा ते आठ तासांनी सीबीसी आणि गोठण्याच्या टेस्ट कराव्या लागतात कारण सकाळी चढवलेल्या प्लेटलेट संध्याकाळपर्यंत संपलेल्या असतात. म्हणजे घरच्यांचं खरं काम इथे आहे, रक्तदाते जमवणं. एकदम वीस जण ब्लड बँकेच्या दारात उभे करू नका. रोज दोन-तीन येतील अशी यादी करा, सिंगल डोनर प्लेटलेटसाठी (एकाच दात्याकडून मशीनने काढतात त्या) वेगळी यादी, कारण त्या देणाऱ्याच्या शिरा चांगल्या लागतात आणि साधारण दीड-दोन तास बसावं लागतं.

काय करायचं नाही ते तितकंच महत्त्वाचं. मानेतल्या किंवा छातीतल्या मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन टाकायची नाही, रक्त गोठायला लागेपर्यंत हातातल्या साध्या सलाइनवर भागवायचं. पाठीतलं पाणी काढायचं नाही. दात काढणं, दंडात-कुल्ल्यात इंजेक्शन, अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक सगळं बंद, दुखलं-ताप आला तर पॅरासिटामॉल. पांढऱ्या पेशी खूप असतील तर मशीन लावून काढून टाकू असं एखाद्याच्या मनात येतं, इतर ल्युकेमियात करतातही, एपीएलमध्ये त्याने रक्तस्राव भडकतो म्हणून टाळतात. रक्तस्राव थांबवायला ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड आणि गुठळ्यांसाठी हेपरिन, दोन्ही रुटीन म्हणून द्यायची नाहीत. बोन मॅरो टेस्ट मात्र चालते, तिथे दाबून धरता येतं, पण तिच्यासाठी अ‍ॅट्रा थांबवायचं नाही.

घरच्यांनी रात्री जागं राहून बघायच्या गोष्टी: नवीन डोकेदुखी, उलटी, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात जड होणं, उठवूनही नीट जागं न होणं. यातलं काहीही दिसलं की सकाळच्या राउंडपर्यंत थांबू नका, नर्सला उठवा, तक्रारखोर म्हणाले तर म्हणू दे. काळी शी, खोकल्यातून रक्त हेही लगेच सांगायचं.

खात्रीच्या टेस्टबद्दल थोडं. आजाराचं मूळ असं की १५ नंबरच्या आणि १७ नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे एकमेकांत बदलले जातात, १९७७ मध्ये शिकागोत जॅनेट राउली यांच्या टीमने हे दाखवलं. त्यातून पीएमएल-रारा नावाचं एक जोडजीन तयार होतं आणि ते पेशीला मोठंच होऊ देत नाही. हे शोधायला फिश टेस्ट किंवा आरटी-पीसीआर (दोन्ही जीन शोधणाऱ्याच टेस्ट), फिशचं उत्तर चांगल्या लॅबमध्ये एक-दोन दिवसांत येतं. काही ठिकाणी पीएमएल प्रोटीनचा इम्युनोफ्लुरोसन्स करतात, त्याचं उत्तर काही तासांतच मिळतं. कॅरिओटाइपला, म्हणजे सगळे क्रोमोसोम मांडून बघायला, जास्त दिवस लागतात, त्याची वाट बघण्यात अर्थ नाही. फ्लो सायटोमेट्रीत (पेशींवरच्या खुणा तपासणारी टेस्ट) सीडी३४ आणि एचएलए-डीआर दोन्ही निगेटिव्ह, सीडी३३ जोरात पॉझिटिव्ह असं चित्र आलं तर संशय बळावतो, पण तो पुरावा धरत नाहीत. पीसीआर सुरुवातीलाच करून ठेवा, नुसत्या फिशवर थांबू नका, कारण उपचारानंतर आजार उरलाय का ते पीसीआरनेच बघायचं असतं आणि सुरुवातीला जोडजीनचा कुठला प्रकार होता ते माहीत नसेल तर नंतर तुलना कशाशी करणार. फार थोड्या पेशंटमध्ये रारा हे जीन पीएमएलऐवजी दुसऱ्याच कुणाशी जोडलेलं असतं, त्यातल्या ११ आणि १७ च्या अदलाबदलीवाल्या एका प्रकाराला अ‍ॅट्रा नीट लागू पडत नाही, म्हणून हे जोडजीन नेमकं तपासणं गरजेचं.

पुढचे उपचार एका आकड्यावर ठरतात, सुरुवातीच्या पांढऱ्या पेशी दहा हजारांपर्यंत की त्याच्या वर. दहा हजारांपर्यंत असतील तर अ‍ॅट्रा आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइड, बस, नेहमीची केमो नाही. वर असतील तर याच्यात इडारुबिसिनसारखं केमोचं औषध किंवा जेमटुझुमॅब (ल्युकेमियाच्या पेशींना नेमकं गाठणारं अँटिबॉडीचं औषध) जोडतात.

आर्सेनिक म्हटल्यावर घरात सगळ्यात वयस्कर माणूस हमखास दचकतो, सोमल देताय का म्हणून. हो, तेच रसायन, पण शुद्ध केलेलं, मोजून, शिरेतून, ईसीजीच्या पहाऱ्यात. म्हणून कुणी भस्म किंवा पुडी आणून दिली की यातही आर्सेनिकच आहे, तर अजिबात घेऊ नका, त्यात किती आहे कुणालाच माहीत नसतं आणि चालू औषधात त्याची भर पडली तर हृदयाचे ठोके बिघडतात. या दोन्ही औषधांची कामगिरी चीनमधली आहे. शांघायमध्ये वांग झेन-यी यांनी १९८५ मध्ये एका पाच वर्षांच्या मुलीला अ‍ॅट्रा दिलं आणि ती बरी झाली, १९८८ मध्ये त्यांच्या टीमने २४ पेशंटचा अनुभव छापला, त्यातले २३ नुसत्या अ‍ॅट्राने रेमिशनमध्ये गेले होते, म्हणजे तपासणीत आजार दिसेनासा झाला होता. आर्सेनिक हार्बिनचं, झांग टिंगडाँग यांच्या गटाने १९७० च्या दशकात त्यावर काम सुरू केलं. मग २०१३ मध्ये इटली-जर्मनीच्या ट्रायलने दाखवलं की कमी-मध्यम धोक्याच्या (सुरुवातीच्या पांढऱ्या पेशी दहा हजारांपर्यंत असलेल्या) पेशंटमध्ये अ‍ॅट्रा-आर्सेनिक हे अ‍ॅट्रा-केमोपेक्षा कमी पडत नाही, दोन वर्षांनी काहीही न बिघडता असलेले ९७ टक्के विरुद्ध ८६ टक्के. तिथून केमो मागे पडली.

आर्सेनिकचा डोस वजनावर, दर किलोला ०.१५ मिलिग्रॅम, रोज साधारण दोन तासांत सलाइनमधून. याने ईसीजीतलं क्यूटी नावाचं अंतर लांबतं, फार लांबलं तर जिवावर बेतणारी ठोक्यांची गडबड होऊ शकते. म्हणून आठवड्यातून किमान दोनदा ईसीजी, पोटॅशियम ४ च्या वर, मॅग्नेशियम १.८ च्या वर. इथे एक गोष्ट घरच्यांनीच सांभाळावी असं मला वाटतं: पेशंटला बाहेरून कुठलं औषध सुरू होतंय. उलटीचं ऑन्डान्सेट्रॉन, अ‍ॅझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, फंगसचं फ्लुकोनॅझोल, ही रोजची साधी औषधं क्यूटी वाढवतात, फंगसची काही औषधं अ‍ॅट्राची पातळीही वाढवतात. डॉक्टर मुद्दाम देतीलही, ईसीजी बघून, पण आर्सेनिक चालू आहे हे त्या वेळच्या ड्युटी डॉक्टरला माहीत हवं. पेशंटच्या बेडला किंवा फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा. लिव्हरचे एन्झाइम वाढणं नेहमीचं आहे, फार वाढले तर काही दिवस औषध थांबवून पुन्हा सुरू करतात, त्याने उपचार वाया जात नाहीत.

आता या सगळ्यातलं सगळ्यात अवघड प्रकरण, डिफरन्शिएशन सिंड्रोम. अ‍ॅट्रा आणि आर्सेनिक पेशी मारत नाहीत असं नाही, पण आधी त्यांना मोठं करतात, आणि एवढ्या पेशी एकदम मोठ्या व्हायला लागल्या की त्या फुफ्फुसात वगैरे शिरतात, रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर गळतं. ताप येतो, धाप लागते, पाय सुजतात, बीपी खाली, लघवी कमी, एक्स-रेमध्ये फुफ्फुसं पांढरी दिसतात. न्यूमोनियासारखंच वाटतं आणि न्यूमोनिया समजून नुसती अँटिबायोटिक देत बसले तर वेळ जातो. पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा तिसऱ्या आठवड्याच्या आसपास याचा जोर असतो.

पकडायचं कसं, तर वजनाने. रोज सकाळी, लघवी करून आल्यावर, नाश्त्याच्या आधी, त्याच वजनकाट्यावर, तेवढ्याच कपड्यांत. वजन एका वहीत तारखेसमोर लिहायचं, शेजारी चोवीस तासांत किती पाणी-सलाइन गेलं आणि किती लघवी झाली. आज ६२.४, उद्या ६३.१, परवा ६४.५ असं चढायला लागलं की पेशंटला धाप नसली तरी राउंडला वही उघडून दाखवायची. पाच किलोंपेक्षा जास्त वाढ ही या सिंड्रोमच्या निकषांतलीच एक आहे, पण तिथवर पोचेपर्यंत थांबायचं कशाला. वॉर्डात वजन घेतलं जातं, पण कधी बसून कधी उभं, कधी जेवून, आणि मग दोन किलोंचा फरक खरा की काट्याचा तेच समजत नाही. म्हणून म्हणतो की ही वही घरच्यांनी ठेवावी.

संशय आला की डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, शिरेतून, लगेच. इथेही तेच, खात्रीची वाट बघायची नाही. अ‍ॅट्रा-आर्सेनिक सहसा चालू ठेवतात, पेशंट फारच गंभीर असेल, आयसीयू किंवा डायलिसिसची वेळ आली तरच तात्पुरतं थांबवतात. बरेच डॉक्टर सुरुवातीपासूनच प्रेडनिसोलोन देतात हे टाळायला.

त्याच काळात पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतील, दोन हजारांच्या वीस-तीस हजार. घरचे रिपोर्ट बघून खचतात की कॅन्सर वाढला. तसं नसतं, औषध लागू पडतंय म्हणून अडकलेल्या पेशी बाहेर येतात, गरज पडली तर हायड्रॉक्सीयुरिया देऊन आटोक्यात ठेवतात. अ‍ॅट्राने डोकं दुखतं, ओठ फाटतात, त्वचा कोरडी पडते. मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये डोक्यातला दाब वाढून डोकेदुखी, उलटी, धूसर दिसणं असं होऊ शकतं, त्यावर इलाज आहे, पण पहिल्या दिवसांत डोकं दुखलं तर आधी सीटी करून रक्तस्राव नाही ना ते बघायचं, अ‍ॅट्राची डोकेदुखी असेल म्हणून सोडून द्यायचं नाही.

अजून एक सापळा, चौदाव्या दिवसाचा बोन मॅरो. बाकीच्या एएमएलमध्ये तेव्हा बघतात, इथे बघू नये, कारण पेशी अजून मोठ्या होतायत, स्लाइड खराब दिसते आणि कुणीतरी औषध फेल गेलं म्हणून उपचार बदलून मोकळं होतं. खऱ्या पीएमएल-रारावाल्या एपीएलमध्ये पहिल्यापासूनच औषध लागू न पडणं जवळपास नसतंच. काउंट सुधारल्यावर, साधारण चार ते सहा आठवड्यांनी बघायचं, आणि तेव्हाही पीसीआर पॉझिटिव्ह आला तरी घाबरायचं नाही, त्या टप्प्यावर त्याला अर्थ नाही.

रेमिशन आलं की पेशंटला ठणठणीत वाटतं आणि नेमकं तिथेच काही जण उपचार सोडतात. पुढचे सहा-सात महिने पूर्ण करायचेच. नेहमीचा आराखडा असा: आर्सेनिक आठवड्यातून पाच दिवस, चार आठवडे चालू चार आठवडे बंद, अशा चार फेऱ्या, आणि अ‍ॅट्रा दोन आठवडे चालू दोन आठवडे बंद, अशा सात फेऱ्या. ॲडमिट राहायची गरज नसते, डे-केअरमध्ये जाऊन सलाइन घेऊन घरी येता येतं, बरेच जण यात कामावरही जातात. कॅलेंडरवर दोन रंगांनी दोन औषधं रंगवून ठेवा, चालू-बंदचा घोळ फार होतो, विशेषतः अ‍ॅट्राचा, कारण ते घरी घ्यायचं असतं. या काळात आणि नंतरही काही महिने गर्भधारणा टाळायची, पुरुष पेशंटनेही, किती महिने ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

शेवटी बोन मॅरोचा पीसीआर, आणि इथे मात्र तो निगेटिव्ह यायलाच हवा. कमी धोक्याच्या पेशंटमध्ये एकदा तो निगेटिव्ह आला की आजार उलटायची शक्यता फार कमी, वारंवार बोन मॅरो करत बसावं लागत नाही. सुरुवातीला पेशी दहा हजारांच्या वर होत्या त्यांचा पीसीआर पुढची दोन-तीन वर्षं दर तीन महिन्यांनी करतात. पॉझिटिव्ह आला तर एकाच रिपोर्टवर धाव घ्यायची नाही, दोनेक आठवड्यांत पुन्हा नमुना घेऊन दुसऱ्या चांगल्या लॅबकडे पाठवायचा. खरंच उलटला असेल तरी पुन्हा अ‍ॅट्रा-आर्सेनिक, मग बहुतेकदा पेशंटच्याच स्टेम सेल वापरून ट्रान्सप्लांट, असा रस्ता उरतो.

फाइलमध्ये या गोष्टी कायमच्या ठेवा: पहिल्या दिवसाचा सीबीसी, पीसीआरमध्ये जोडजीनचा प्रकार लिहिलेला रिपोर्ट, आर्सेनिकच्या किती फेऱ्या झाल्या, केमोचं औषध दिलं असेल तर त्याचा एकूण डोस कारण तो हृदयाच्या हिशोबात धरतात, आणि शेवटचा ईसीजी. गाव बदललं, डॉक्टर बदलले की हेच आधी मागतात.